सायकलवरून घडलेले देवळांचे दर्शन
(जीर्णोद्धार समारंभाच्या निमित्ताने झालेले व्याख्यान)



देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की पाथरवट, गवंडी, वर्गणी आणि कळस डोळ्यांपुढे येतात. येथे सायकलचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी एक अमेरिकन जोडपे आपल्या देशातील देवळे पाहण्यासाठी सायकलवर निघाले होते. देऊळ सांभाळणाऱ्यांनी त्यांच्या प्रवासातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

श्रीमती फॅनी बुलक वर्कमन आणि त्यांचे पती डॉ. विल्यम हंटर वर्कमन हे ते जोडपे. स्पेन आणि अल्जीरिया हे देश त्यांनी आधीच सायकलवरून पाहिले होते. १८९७ च्या अखेरीस ते या बाजूला आले, तेव्हा बाईंचे वय ३८ आणि डॉक्टरांचे ५० होते. दक्षिण टोकापासून थेट हिमालयापर्यंत त्यांनी सायकली नेल्या. बरोबर सामान बेताचे. कधी पाणी नाही, कधी अन्न नाही, रात्री डासांचा आणि उंदरांचा उपद्रव. एकेका दिवशी चाळीसपर्यंत पंक्चर काढण्याची पाळी त्यांच्यावर आली. या भ्रमंतीवरील त्यांचे पुस्तक १९०४ साली लंडनला छापले गेले. चौदा हजार मैलांचा, म्हणजे सुमारे २२,५०० किलोमीटरचा उल्लेख त्याच्या नावातच आहे, आणि देवळांचाही.

एवढे हाल कशासाठी? आगगाडीतला प्रवासी एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर पोहोचतो. मधला मुलूख खिडकीतून निघून जातो. सायकलवाल्याला तो मुलूख पायांनी कळतो. चढ कोठे आहे, माती कोठे बदलली, विहीर किती लांब आहे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. आणि देऊळही त्या मुलखातूनच उभे राहिलेले असते. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर १०१० साली पुरे झाले, ते कठीण ग्रॅनाइटचे. बेलूरच्या देवळाचा दगड मऊ, म्हणून १११७ च्या त्या देवळावर सोनाराने घडवावे तसे नाजूक काम करता आले. भुवनेश्वरची देवळे वालुकाश्माची. आपल्याकडे अंबरनाथचे देऊळ शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे, ते आपल्या सह्याद्रीच्याच काळ्या पाषाणाचे. दक्षिणेकडून उत्तरेकडे हळूहळू येणाऱ्याला हा फरक वाटेतच उमजू लागतो. पायाखालची जमीन आणि देवळाची भिंत यांचे नाते त्याच्या ध्यानात येते.

मात्र या जोडप्याच्या पाहण्यात एक मोठी उणीव राहिली. त्यांनी रामायण, महाभारत आणि जातककथा वाचल्या. जुन्या वास्तूंवर भरभरून लिहिले. परंतु त्या वास्तूंच्या सावलीत राहणाऱ्या माणसांविषयी त्यांनी फारच थोडे लिहिले. दिवा लावणारा, झाडलोट करणारी, पालखीला खांदा देणारा, हे त्यांच्या पुस्तकात जवळजवळ नाहीतच. चौदा हजार मैल चालूनही माणसापर्यंतचे शेवटचे चार पाऊल राहून गेले.

जीर्णोद्धार करणाऱ्यांनी यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली दगडाची. जुन्या काळ्या दगडावर ऑइलपेंट चढवला की देऊळ नवे दिसते खरे. पण दगडातली ओल आत कोंडते आणि पुढे त्याचे पापुद्रे सुटतात. चुन्यावाचून दगडात दगड बसवलेल्या जुन्या सांध्यांत सिमेंट भरले की दगडांना हलायला जागा उरत नाही आणि पाण्याची वाट बंद होते. आवारातला वीरगळ किंवा अक्षरे कोरलेली शिळा पायरीला किंवा पायात घालू नये. काहीही हलवण्यापूर्वी त्याचा फोटो काढावा आणि जागा लिहून ठेवावी.

दुसरी गोष्ट माणसांची. कोणत्या घराण्याकडे कोणता मान होता, दिव्याला तेल कोण देत असे, दुष्काळातही पूजा कोणी चालू ठेवली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून आजच लिहून घ्यावे. देणगीदारांची नावे संगमरवरावर राहतील; पण ज्यांच्यापाशी देण्याजोगे फक्त कष्ट होते, त्यांची नावे कोठे राहणार? ती वहीत तरी उतरली पाहिजेत.

उद्या एखादा परगावचा प्रवासी देवळाच्या ओट्याशी सायकल टेकवील, घाम पुसील आणि विचारील, "हे देऊळ कोणी बांधले, आणि सांभाळले कोणी?" दगड त्याला आपोआप दिसतील. माणसे मात्र गावालाच दाखवावी लागतील. त्या प्रश्नाला गावातल्या लहान पोरालाही उत्तर देता आले, म्हणजे जीर्णोद्धार पुरा झाला असे समजावे.

॥ शुभं भवतु ॥