अहवाल कोणाच्या सोयीचा?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शीतयुद्धाचा आरंभ कोणी केला, या प्रश्नावर आपल्या अभ्यासवर्गांतून आजवर पुष्कळ वाद झडले आहेत. कोणी मॉस्कोकडे बोट दाखवतो, कोणी वॉशिंग्टनकडे. आज मी त्या वादात शिरणार नाही. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत निरनिराळ्या राजधान्यांच्या दप्तरी जे गुप्त अहवाल दाखल झाले, त्यांपैकी केवळ तीन संदेशांची हकीगत मी आपणांसमोर ठेवणार आहे. युद्ध आणि शांतता यांचे निर्णय ज्या माहितीवर घेतले जातात, ती माहिती कशी घडते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

पहिला संदेश १९४६ सालचा. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मॉस्कोतील अमेरिकन वकिलातीतून जॉर्ज केनन यांनी धाडलेली प्रदीर्घ तार प्रसिद्धच आहे. तिच्या जोडीला ठेवावा असा एक सोव्हिएत अहवाल २७ सप्टेंबर १९४६ रोजी तयार झाला. त्यावर नाव होते वॉशिंग्टनमधील सोव्हिएत राजदूत निकोलाय नोविकोव्ह यांचे. अमेरिकेतील मक्तेदार भांडवल जगावर प्रभुत्व मिळवू पाहत आहे आणि भावी युद्धाची तयारी करीत आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यात काहीच खरे नव्हते असे मी म्हणणार नाही. सातासमुद्रांपलीकडे उभारलेले अमेरिकन लष्करी तळ खरेच होते. परंतु पुढे नोविकोव्ह यांनी आपल्या आठवणींत जे सांगितले ते अधिक बोलके आहे. हा अहवाल लिहिण्यास परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांनीच फर्माविले होते, त्याची दिशाही त्यांनीच आखून दिली होती आणि म्हणून तो सर्वस्वी आपला म्हणता येणार नाही, असा त्या सांगण्याचा आशय आहे. म्हणजे मंत्र्याने जे आधीच ठरविले होते, तेच राजदूताने पुरावा म्हणून त्याच्याकडे परत पाठविले! हा दस्तऐवज जगासमोर आला तो १९९०च्या सुमारास. तोवर चार दशकांहून अधिक काळ लोटला होता.

दुसरी हकीगत पलीकडच्या गोटातील. फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता हस्तगत केली. लोकशाही समाजवाद्यांच्या दृष्टीने तो दारुण आघात होता. तेथील सोशल डेमोक्रॅटिक पक्ष त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षात विलीन करण्यात आला. पश्चिमेकडे उमटलेली भीती सर्वस्वी बनावट नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अशा वेळी, ५ मार्च १९४८ रोजी, जर्मनीतील अमेरिकन लष्करी गव्हर्नर जनरल ल्यूशियस क्ले यांनी बर्लिनहून लष्करी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख चेंबरलिन यांना एक तार केली. तिचा आशय असा : निदान दहा वर्षे तरी युद्ध होणार नाही असे मला आजवर वाटत होते, परंतु गेल्या काही आठवड्यांत सोव्हिएत वृत्तीत एक सूक्ष्म बदल जाणवतो आहे, तो नेमका कोणता हे मला सांगता येत नाही, मात्र युद्ध अकस्मात येऊ शकेल असे वाटते. आणि पुराव्याअभावी याविषयी अधिकृत अहवाल देता येत नाही, हेही त्या तारेतच नमूद होते.

तथापि वॉशिंग्टनमध्ये खळबळ माजली. नव्यानेच स्थापन झालेल्या केंद्रीय गुप्तवार्ता संस्थेने, म्हणजे सीआयएने, १६ मार्च रोजी अध्यक्षांना कळविले की पुढील साठ दिवसांत युद्ध संभवत नाही. तरीही दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष ट्रूमन यांनी काँग्रेसपुढे जाऊन सक्तीची लष्करभरती पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. २४ जून रोजी तो कायदा झाला. बर्लिनची संपूर्ण नाकेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी.

मग ती तार आली कोठून? क्ले यांची कागदपत्रे १९७४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्या संपादकाने याचा खुलासा केला. काही दिवसांपूर्वी चेंबरलिन स्वतः बर्लिनला येऊन गेले होते. लष्करी खर्चाच्या मागण्यांसाठी काँग्रेसपुढे साक्ष देताना उपयोगी पडेल असे काही त्यांना हवे होते. तार त्यासाठी होती. सोव्हिएत धोरणात काही बदल झाला आहे असे खुद्द क्ले यांचेही मत नव्हते. या भयापासून विमान-कारखानदारांना किती लाभ झाला, याची चर्चा फ्रँक कोफ्स्की यांनी १९९३ सालच्या आपल्या ग्रंथात केली आहे. सारे संकटच रचलेले होते हे सर्व इतिहासकारांना मान्य नाही; मलाही एवढे पुढे जाण्याची गरज वाटत नाही. हा अहवाल मागवून घेतलेला होता, एवढे पुरेसे आहे.

आता तिसरी हकीगत. हिच्याशी आपल्या देशाचा थेट संबंध आहे. भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी नव्या चीनला मान्यता दिली होती. अमेरिकेची पेकिंगमध्ये वकिलात नव्हती, आपली होती. कोरियात युद्ध पेटले होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली लढणारे अमेरिकन सैन्य ३८व्या अक्षांशाच्या दिशेने सरकत होते. ३ ऑक्टोबर १९५० रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, पंतप्रधान चौ एन लाय यांनी भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून घेतले आणि स्पष्ट शब्दांत सांगितले की अमेरिकन सैन्याने ती रेषा ओलांडली, तर चीन युद्धात उतरेल. हा इशारा भारतामार्फत तातडीने लंडन व वॉशिंग्टन येथे पोहोचला.

तो कोणी मानला नाही. पणिक्कर हे चिनी कम्युनिस्टांच्या बाजूला झुकलेले आहेत, तटस्थ निरीक्षक नव्हेत, असे ट्रूमन यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले. १९४८ साली ज्या सीआयएने संयमाचा सल्ला दिला होता, तिनेही १२ ऑक्टोबर १९५० रोजी, त्या वर्षात चीनचा मोठा हस्तक्षेप संभवत नाही, असे मत दिले. १५ ऑक्टोबरला वेक बेटावर जनरल मॅकआर्थर यांनी ट्रूमन यांना तेच आश्वासन दिले. चारच दिवसांनी चिनी फौजा यालू नदी ओलांडू लागल्या. युद्ध थांबले ते २७ जुलै १९५३ रोजी, आणि तेही जवळजवळ त्याच अक्षांशाच्या आसपास! या युद्धात अमेरिकेचे ३६ हजारांहून अधिक सैनिक कामी आले. कोरियन आणि चिनी मृतांची गणती लाखांत आहे. तो इशारा ऐकला असता तर त्यांपैकी किती जीव वाचले असते, याचा हिशेब कोणाला मांडता येईल?

साथींनो, या तीन हकिगती शेजारी शेजारी ठेवून पाहा. एक अहवाल मंत्र्याच्या सांगण्यावरून लिहिला गेला. दुसरा पुराव्याविना लिहिला गेला, आणि सोयीचा होता म्हणून त्याचा गाजावाजा झाला. तिसरा खरा होता, परंतु गैरसोयीचा होता. म्हणून तो आणणाऱ्याच्या निष्ठेवरच संशय घेण्यात आला. हा केवळ हेरखात्यांचा दोष नव्हे. सत्तेने आधी निर्णय घ्यायचा आणि मग त्याला साजेशी माहिती गोळा करायची, या प्रथेचा तो दोष आहे. डॉ. लोहियांनी १९५२ साली पंचमढीच्या अधिवेशनात भांडवलशाही व साम्यवाद या दोहोंना सारखेच दूर ठेवले, त्यामागील एक कारण आपल्याला येथे दिसते. दोन्ही गोटांत एक फरक मात्र होता. एकीकडे पंचवीसेक वर्षांत कागद छापून तरी निघाला. दुसरीकडे राज्यव्यवस्था ढासळू लागेपर्यंत वाट पाहावी लागली. हा फरक लहान नाही. नागरी स्वातंत्र्याचा आग्रह आपण धरतो तो याचसाठी.

म्हणून गुप्त माहितीच्या नावाने जेव्हा जेव्हा सरकार भय दाखवील, तेव्हा कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारावेत. अहवाल कोणी मागितला? तो कोणत्या मागणीच्या आदल्या दिवशी आला? आणि याच्या उलट सांगणारा अहवाल कोणत्या कपाटात आहे?

जाता जाता एक कडू गोष्ट सांगतो. हे प्रश्न आपल्या पक्षालाही लागू आहेत. सभेला दोनशे माणसे जमली असता वर पाचशे कळवायचे, युनियनमधली नाराजी अहवालातून गाळायची, आणि मतदारसंघाची खरी स्थिती सांगणाऱ्या साथीला फुटीर ठरवायचे, हे आपल्याकडे कधी घडलेच नाही असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? खरे सांगणाऱ्याला शिक्षा करणारी संघटना अखेर आपलाच प्रतिध्वनी ऐकत बसते. पुढच्या महिन्यात आपण आपापल्या शाखेचा अहवाल लिहायला बसाल, तेव्हा दोनशेला दोनशेच लिहा. आणि जो तसा लिहील, त्याच्या पाठीशी उभे राहा.