सक्तीची रजा आणि कामाचा भार

सन २०२० च्या साथीत ब्रिटनमधील व्यवहार थंडावले, तेव्हा सक्तीच्या रजेवर पाठविलेल्यांस पगाराचे ८० टक्के, परंतु दरमहा कमाल २,५०० पौंड, देण्याची योजना सरकारने काढली. कामावरचे म्हणत, ‘रोगाचे भय सोसून राबावे आम्ही, आणि पगार यांस घरबसल्या!’ घरचे म्हणत, ‘यांची नोकरी टिकली, आमची जाणार.’ वस्तुतः ३० जूनपर्यंत रजेवरील माणसास आपल्या मालकाचे काम करण्याची नियमानेच मनाई होती. १ जुलैपासून काही वेळ काम करण्याची मुभा मिळाली, तेव्हा कोठे भार वाटून घेता येऊ लागला. ही विषमता सोबत्याने निर्माण केलेली नव्हती. आपल्या घरांवर असा प्रसंग आल्यास दुसऱ्याचे सुख मोजताना त्याची चिंताही मोजावी, एवढीच आमची विनंती.