दुपारच्या ताटात कुळीथ

आपल्या ताटात दुपारी भाताचा ढीग आणि वर पातळ पिठी. पिठी कुळथाचीच, पण वाट्याला पीठ येतं चमचाभर! आमच्या गटात पाळी मागेपुढे होणाऱ्या बऱ्याच जणी, म्हणून आम्ही भात निम्मा करून कोशिंबीर वाढवली. 100 ग्रॅम कोरड्या कुळथात सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं असतात. कुळीथ रात्री भिजवा, सकाळी फडक्यात बांधा. मोड आले की वाफवा, कच्चे नकोत. त्यात काकडी, कांदा, मूठभर शेंगदाणे, उकडलेलं अंडं घाला. लिंबू पिळलं की कडधान्यातलं लोह अंगी लागतं. 3 महिने पाळी आली नाही, तर कोशिंबिरीवर विसंबू नका, आरोग्य केंद्रात दाखवा. आणि सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरलं तर खाऊ, असं नको. आपली वाटी आधीच बाजूला काढून ठेवा.