ब्रेकचें बळ

तेल्हाऱ्याच्या रस्त्यानें कापसाची बंडी चालली असतां ती थांबविण्याची चिंता धुरकऱ्यास फारशी पडत नाहीं. कासरा ओढला कीं बैल थांबतात. पण तोच कापूस ट्रकमध्यें भरून अकोल्याकडे निघाला, म्हणजे प्रश्न गंभीर होतो. दहा हजार किलोग्रॅमचें धूड थांबविण्यास किती बळ लागेल, हें अदमासानें ठरवून भागत नाहीं.

त्याचें गणित सोपें आहे. वेगाच्या वर्गास थांबण्याच्या अंतराच्या दुपटीनें भागावें. म्हणजे दर सेकंदास वेग किती घटला पाहिजे, तें निघतें. त्यास वस्तुमानानें गुणिलें कीं सरासरी रोधक बळ मिळतें. हा ट्रक ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर वेगानें चालला आहे व तो २० मीटरांत थांबवावयाचा आहे, असें समजूं. १०० ला ४० नीं भागिलें असतां २॥ येतात. म्हणून बळ २५,००० न्यूटन, म्हणजे गाडीच्या वजनाचा सुमारें चौथा हिस्सा. आतां वेग दुप्पट केला व बळ तेंच राहिलें, तर अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतें. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असें धरिल्यास पहिली गाडी ३० मीटरांवर थांबेल, तर दुसरी १०० मीटरांवर!

उतारावर तर आणखी बळ लागतें. १८६३ सालीं खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गास ३७ फुटांत १ फूट असा उतार आहे. ३७० टनांची आगगाडी तेथें स्वतःच्या वजनानेंच सुमारें १० टनांच्या जोरानें खालीं ओढली जाते. तितकें बळ केवळ वेग वाढूं न देण्यांतच खर्चीं पडतें.

मोटारीचें हें बळ मोजण्यासाठीं तिचीं चाकें विजेनें फिरणाऱ्या रुळांवर ठेवितात. ब्रेक दाबला म्हणजे प्रत्येक चाक रुळास किती विरोध करितें, तें यंत्र दाखवितें. सर्वांची बेरीज महत्त्वाची, तसेंच डाव्याउजव्या चाकांचें साम्यही महत्त्वाचें. त्यांत फार अंतर पडल्यास गाडी एका बाजूस खेंचली जाते.

परंतु ब्रेक कितीही चांगला असला, तरी टायर रस्त्यास जितकें धरून राहील तितकेंच बळ उपयोगीं पडतें. पावसाळ्यांत शेतांतून येणाऱ्या चाकांबरोबर वऱ्हाडची काळी माती डांबरी रस्त्यावर येते, आणि ही पकड एकदम घटते. अशा वेळीं चालकाच्या हातीं एकच उपाय उरतो, तो म्हणजे आधींच वेग कमी करणें. शाळेसमोर अचानक रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचे प्राण त्या थोड्याशा मीटरांवर अवलंबून असतात.