जपानच्या शाळेतील सहायक शिक्षक

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी कापडाच्या व्यापारावर बोलावे, अशी काही मंडळींची अपेक्षा होती. परंतु अलीकडे आपल्या समाजातील तीन-चार पालकांनी दुकानात येऊन मला एकच प्रश्न विचारला, “मुलगी जपानात इंग्रजी शिकवायला जाते म्हणते, पाठवावी का?” माझी पुतणी शिमाने प्रांतातील एका लहान गावी तीन वर्षे हेच काम करून आली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. तिच्याकडून ऐकलेले आणि नंतर मी स्वतः वाचलेले आज आपणापुढे ठेवीत आहे.

परदेशी इंग्रजी शिक्षक बोलावण्याची जपानची रीत जुनी आहे. १८९० साली लाफ्काडिओ हर्न हा लेखक त्याच शिमाने प्रांतातील मात्सुए नगरीत माध्यमिक शाळेत शिकवावयास आला, सामुराई कुळातील सेत्सु हिच्याशी त्याने संसार मांडला आणि पुढे जपानी नागरिकत्व घेऊन तो कोइझुमी याकुमो झाला. आजची मोठी सरकारी योजना मात्र १९८७ सालची. ‘जेट’ या नावाने ती ओळखली जाते. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ तरुण आले. पुढे देशांची संख्या पुष्कळ वाढली. कोणत्याही शाखेची पदवी चालते, म्हणजे माझ्यासारखा बी.कॉम. देखील अपात्र नाही! करार एका वर्षाचा असतो व नूतनीकरण होत गेल्यास जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते.

पदाचे नाव ‘सहायक भाषाशिक्षक’ असे आहे. यातील ‘सहायक’ हा शब्द पालकांनी व मुलांनी नीट वाचावा. वर्ग जपानी शिक्षकाचा असतो, परीक्षा व गुण त्याच्या हाती असतात. काही ठिकाणी सहायकाने धडा मोठ्याने वाचावा आणि मुलांनी तो म्हणावा, एवढेच काम उरते. अशा शिक्षकाला तेथे थट्टेने जिवंत टेपरेकॉर्डर म्हणतात. प्राथमिक शाळेत याच्या उलट स्थिती आढळते. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला; परंतु तेथील वर्गशिक्षक पुष्कळदा इंग्रजीचे जाणकार नसतात, त्यामुळे सहायकावरच बराच भार येतो.

मुलांची खरी अडचण बुद्धीची नाही. जपानी लिपीत एक ‘न्’ सोडला तर व्यंजन एकटे उभे राहत नाही, त्याला स्वर लागतोच. म्हणून ‘डेस्क’चे ‘देसुकु’ आणि ‘मिल्क’चे ‘मिरुकु’ होते. आपल्या देवनागरीला पाय मोडता येतो, ही केवढी सोय आहे हे मला तेव्हा कळले. त्यातही माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षानंतर पुढील शाळेची प्रवेशपरीक्षा असते व तिथे अचूकपणाला भाव. परिणामी चाळीस मुलांच्या वर्गात प्रश्न विचारला की शांतता पसरते. चुकण्यापेक्षा न बोललेले बरे, असे प्रत्येकाला वाटते.

पुतणीने पहिले काही महिने ही शांतता सोसली. मग तिने आपल्या मोडक्यातोडक्या जपानीत वर्गाशी बोलावयास आरंभ केला. मुले हसली, तिच्या चुका दुरुस्त करू लागली आणि बाई चुकूनही बोलतात हे पाहून हळूहळू इंग्रजीत उत्तरे देऊ लागली. जपानी सहशिक्षकांना हे प्रथम रुचले नव्हते. वर्गात इंग्रजीच बोलावे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि तेही अगदीच चूक नव्हे.

आता आपल्या घरचा प्रश्न, जेवणाचा. शाळेत दुपारचे जेवण सर्वांना एकच असते. मुलेच पांढरे अंगरखे घालून ते वाढतात आणि शिक्षक पुष्कळदा त्यांच्याबरोबर वर्गातच जेवतात. त्यातील भाजीच्या रश्शातही बहुधा ‘दाशी’ असते, म्हणजे सुकवलेल्या माशाचे पाणी. नुसते “मांस नको” म्हणून भागत नाही, ‘दाशी’ हा शब्द घेऊनच विचारावे लागते. पुतणीने मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन डबा नेला. मुलांनी तिला कारण विचारले, तिने सांगितले, आणि त्या दिवशीचा पाठ त्यावरच झाला. बौद्ध मठांतील ‘शोजिन र्‍योरी’ हे जेवण निरामिष असते, परंपरेने त्यात कांदा-लसूणही वर्ज्य. कंदमुळे मात्र भरपूर, हे आपण लक्षात ठेवावे. कोबे शहरात आपल्या मोती-व्यापाऱ्यांची जुनी वस्ती असून तेथे १९८५ साली जैन मंदिर उभे राहिले. सुटीत ती काही तासांचा प्रवास करून तिथे जात असे.

व्यापाऱ्याने हिशेब सांगितल्याशिवाय बसू नये. सरकारी योजनेत पहिल्या वर्षाचे वेतन २०१२ साली ३३ लाख ६० हजार येन ठरले होते, २०२५ मध्ये त्यात वाढ झाली. गाव आपल्या पसंतीचे मिळेलच असे नाही. खेड्यात घरभाडे कमी, परंतु मोटारीवाचून अडते. दुसरा मार्ग खासगी कंपन्यांचा आहे. अनेक नगरपालिका त्यांच्याकडूनच सहायक घेतात. तेथे वेतन बहुधा कमी असते आणि काही करारांत सुटीच्या महिन्यांचा पगार कापला जातो. करारपत्रातील ऑगस्ट महिन्याची ओळ वाचल्याशिवाय सही करू नये.

पाठवावी का, याचे माझे उत्तर ‘होय’ असे आहे, मात्र पहिल्या दिवसापासून तिने जपानी शिकावी या अटीवर. पाच वर्षांनंतर सहायकाला तेथे बढती नाही. पुढची वाट स्वतः काढावी लागते. पुतणी आता पुण्यात एका कंपनीत जपानी दुभाषी म्हणून काम करते. तिच्याशी ज्यांना बोलावयाचे असेल त्यांनी सभेनंतर मला भेटावे. रविवारी ती घरी असते.