फोटोतला चेहरा आणि त्याचं नाव
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणावरून)



चित्रकलेचा निवृत्त शिक्षक म्हणून मला ‘एका चित्राविषयी दहा मिनिटं बोला’ असं सांगितलं आहे. पडद्यावर दिसतंय ते तैलचित्र जेमतेम दीड फूट उंचीचं आहे. फ्रेंच चित्रकार थिओडोर जेरिकोनं ते 1818-19च्या सुमारास काढलं. एका कृष्णवर्णीय माणसाचं हे मस्तक. मोठं चित्र करण्याआधी चित्रकार असे अभ्यास करतात. कपाळावर, गालाच्या हाडावर उजेड कसा पडतो, काळोख्या त्वचेत तपकिरी, तांबूस छटा कशा मिसळतात, ते हात बसेपर्यंत पाहायचं. या माणसाची नजर आपल्याला भिडत नाही. पण त्याच्या मनात काहीतरी चाललंय, हे कळतं.

जेरिको तेव्हा ‘मेड्युसाचा तराफा’ या प्रचंड चित्राच्या मागे होता. ते पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. सोळा फूट उंच, तेवीस फूट रुंद. 1816 साली ‘मेड्युसा’ हे फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ रुतलं. सुमारे दीडशे माणसं तराफ्यावर सोडून दिली गेली. तेरा दिवसांनी पंधराच जिवंत सापडली. चित्रात सगळ्यांच्या वर, दूरच्या जहाजाकडे कापड हलवणारा माणूस कृष्णवर्णीय आहे. गुलामांचा व्यापार चालू होता त्या काळात त्याला तिथे उभं करणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्यासाठी जो मॉडेल म्हणून उभा राहिला, त्याचं नाव जोसेफ. जन्म आजच्या हैतीतला. पॅरिसमध्ये आधी कसरतीचे खेळ करायचा, पुढे कलाशाळेत पगारी मॉडेल झाला. आडनाव मात्र कुठे नोंदलेलं नाही. चित्रकाराचं चरित्र लिहिलं गेलं, जोसेफचं हाती लागतं ते एवढंच.

आता आपल्याकडे येतो. स्मरणिकेसाठी पहिल्या गणेशोत्सवाचा फोटो निवडला. खाली नावं लिहायला बसलो. कमिटीची सगळी आठवली. उजव्या टोकाला आपले पहिले वॉचमन उभे आहेत. लिफ्ट बंद पडली की माझ्या आईला खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर चढवायचे ते. आम्ही सगळे त्यांना ‘मामा’ म्हणायचो. खरं नाव? मला येईना, सेक्रेटरींनाही येईना. कुणीतरी म्हणालं, ‘व इतर’ लिहा. मी नको म्हटलं. त्यांच्याकडून इतकी वर्षं चहा घेतला, आणि नाव विचारलं नाही, याची मला लाज वाटली.

कुणाला आठवत असेल तर ऑफिसात सांगा. जुनी पगाराची रजिस्टरंही शोधतो आहोत.

ता. क. – स्मरणिका छापायला जाईपर्यंत नाव मिळालेलं नाही. फोटोखाली उजवीकडे कोरी ओळ सोडली आहे. कळलं की प्रत्येकानं आपापल्या प्रतीत पेनानं लिहावं.