गोंडे मोजावेत
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी भरतकामावर बोलावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; मोठा विषय मला झेपणार नाही. परंतु आमच्या वसईकडच्या देवळांसाठी बिशपांची मानचिन्हे कागदावर नव्याने काढून कापडावर भरण्याचे काम माझ्याकडे येते. त्याविषयी चार शब्द सांगते. आपल्यापैकी पुष्कळ जणी हिंदू आहेत, म्हणून मुळापासून सांगते.

युरोपात सुमारे बाराव्या शतकापासून, चिलखतात तोंड झाकलेला सरदार ओळखू यावा म्हणून ढालीवर खूण रंगवू लागले. ती रीत पुढे धर्मगुरूंकडे आली. पण बिशप काही लढवय्या नव्हे. म्हणून त्याच्या ढालीवर शिरस्त्राण न काढता रुंद काठाची टोपी काढतात. तिच्या दोन्ही बाजूंनी दोरीला गोंडे लोंबतात. ढालीमागे क्रूस आणि खाली फितीवर ब्रीदवाक्य असते.

हे गोंडे नुसत्या शोभेचे नाहीत. बिशपाची टोपी हिरवी आणि गोंडे दर बाजूस ६ : वर एक, खाली दोन, त्याखाली तीन. आर्चबिशपाची टोपीही हिरवीच, पण गोंडे १०-१० आणि क्रूसाला दोन आडव्या दांड्या. कार्डिनलची टोपी लाल, गोंडे १५-१५. मुंबईचे आर्चबिशप वालेरियन ग्रेशस १९५३ साली पहिले भारतीय कार्डिनल झाले. असा मान मिळाला की टोपीचा रंग आणि गोंडे बदलतात. पोलिसाच्या खांद्यावरच्या खुणा पाहून आपण हुद्दा ओळखतो, तसेच हे.

एकदा एका पाहुण्या बिशपांच्या स्वागतासाठी पडदा भरायचा होता. छापखान्यातून आलेल्या नमुन्यावर गोंडे १०-१० होते. बायांनी रात्री जागून ते भरलेही. मी मोजले आणि म्हटले, दर बाजूचे चार उसवा. सगळ्या रागावल्या. "एवढ्या उंचावर कोण मोजणार गं?" मी म्हटले, "कोणी मोजो न मोजो, त्यांना नसलेला हुद्दा आपण का चिकटवायचा?" आठ गोंडे उसवले, खालची ओळ पुन्हा नीट बसवली. दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोलले नाही.

मानचिन्हाचे मूळ चित्रात नसते, शब्दांत असते. 'निळ्या ढालीवर सोनेरी क्रूस' असे वर्णन लिहिलेले असते. क्रूस किती जाड, ढाल गोलसर की टोकदार, हे काढणाऱ्याच्या हातावर. पुरणपोळीचे प्रमाण एकच, तरी प्रत्येकीची पोळी निराळी. मात्र पुरणाऐवजी बटाटा घातला तर तिला पुरणपोळी म्हणता येणार नाही. म्हणून आधी वर्णन वाचावे, मग पेन्सिल उचलावी.

सोनेरी व रुपेरी यांना धातू म्हणतात. लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे रंग. रंगावर रंग किंवा धातूवर धातू सहसा ठेवीत नाहीत, कारण लांबून उठून दिसत नाही. छपाई एकरंगी असली तर ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा रुपेरी, उभ्या रेघा लाल, आडव्या रेघा निळा. ज्याला हे ठाऊक नाही तो ठिपक्यांना नक्षी समजून तेच भरत बसतो! ढालीचे डावे-उजवे धरणाऱ्याच्या अंगाने मोजतात, आपण पोलक्याचे मोजतो तसे.

१९६९ साली रोमहून सूचना निघाली, की बिशपांच्या मानचिन्हात उंच मायटर आणि आकडीची काठी घालू नये. क्रूस व टोपी पुरे. म्हणून त्याआधीचा जुना नमुना नव्या बिशपांसाठी जसाच्या तसा उतरवू नये.

पुन्हा काढण्यात कमीपणा नाही. मार्च २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे मानचिन्ह प्रसिद्ध झाले. त्यात पवित्र मरियेची खूण म्हणून तारा होता, तो पाच टोकांचा. आणि संत योसेफाची खूण असलेले नार्दचे फूल द्राक्षांच्या घडासारखे दिसत होते. त्याच महिन्यात चित्र सुधारले. तारा आठ टोकांचा झाला, फूलही स्पष्ट झाले. खुद्द रोममध्ये दुसऱ्यांदा काढतात, मग आपण दोन टाके उसवायला का कुरकुरावे?

अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी ढालीचे दोन भाग करतात. पाहणाऱ्याच्या डावीकडे धर्मप्रांताची खूण, उजवीकडे बिशपाची स्वतःची. बदली झाली की डावा भाग बदलतो, उजवा त्याचाच राहतो. आपली आडनावे बदलतात, हातचा टाका माहेरचाच राहतो, तसे. सरदाराची ढाल मुलाकडे जाई; बिशपाला मूलबाळ नाही. त्याची खूण त्याच्यापुरतीच. पुढचा बिशप आपली नवी घेतो. म्हणजे आपण भरतो ती खूण एका माणसाच्या सेवेची असते. ती चुकीची भरली तर त्या माणसाची ओळखच चुकते.

मंडळातल्या मुलींना माझे एवढेच सांगणे : छापा उमटवण्याआधी त्यातल्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ विचारा, मग ते मानचिन्ह असो की रुखवताचा रुमाल. विचारायला लाज कसली? मीही आमच्या फादरांना विचारूनच शिकले.